२०१८ सालचा सर्वोत्तम फ्लामेन्को अल्बम कोणता?

जुनी तबकडी (प्रश्न)

अलीकडच्या काळातील कुठल्याही वर्षावरून फ्लामेन्कोच्या, म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या आन्दालुसियाच्या या संगीताच्या, रसिकांत २०१८ इतके हमरीतुमरीचे वाद झाले असतील असे मला वाटत नाही. त्या वर्षी २ नोव्हेंबरला रोसालिआ या गायिकेचा 'एल माल केरेर' प्रसिद्ध झाला आणि ज्यांनी जन्मात कधी सोलेआ (फ्लामेन्कोचा एक गानप्रकार) ऐकली नव्हती त्यांच्याही तोंडी फ्लामेन्कोचे नाव आले. या गदारोळात त्याच बारा महिन्यांत आलेले इतर काही अल्बम झाकोळले गेले. रोसिओ मार्केस आणि फाहमी अल्काई यांचा 'दियालोगोस दे विएखोस इ नुएवोस सोनेस', नीन्यो दे एल्चेचा 'आन्तोलोखिआ देल कान्ते फ्लामेन्को एतेरोदोक्सो', आर्कान्खेलचा 'आल एस्ते देल कान्ते', इस्राएल फेर्नान्देसचा 'उनिवेर्सो पास्तोरा' आणि मारिया तेर्रेमोतोचा पहिलावहिला 'ला उएया दे मी सेन्तीओ' हे सगळे एकाच वर्षाचे पीक आहे, हे आज मागे वळून पाहताना खरे वाटत नाही. आता पुरेसा काळ लोटला आहे आणि धुरळाही खाली बसला आहे, तेव्हा त्या वर्षातला पहिल्या क्रमांकाचा अल्बम कोणता हे शांतपणे ठरवता यावे.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ते खोडायला सोपे जाईल. मी 'दियालोगोस'ला पहिला क्रमांक देतो. रोसिओ मार्केस ही उएल्वा प्रांतातली कान्ताओरा, म्हणजे फ्लामेन्को गायिका. २००८ मध्ये ला उनिओनच्या महोत्सवात तिने 'लाम्पारा मिनेरा' हा मानाचा पुरस्कार जिंकला, त्यामुळे तिच्या परंपरेच्या अभ्यासाबद्दल शंका घेण्याचे कारण उरत नाही. या अल्बममध्ये तिने गिटार जवळजवळ बाजूला ठेवली आहे आणि अल्काईच्या व्हिओला दा गाम्बा या गजाने वाजणाऱ्या जुन्या तंतुवाद्याच्या साथीवर कान्ते (फ्लामेन्कोचे गाणे) गायले आहे. गिटारचा स्वर छेडल्याबरोबर विरू लागतो. त्यामुळे गिटारच्या साथीत कान्ताओरने ओळ संपवली की मागे एक पोकळी राहते आणि वादक ती फालसेत्याने, म्हणजे गिटारच्या छोट्या सुरावटीने, भरतो. गजाने वाजणाऱ्या वाद्यात ही पोकळीच नसते, स्वर खालून सतत वाहत राहतो आणि गायिकेला थांबायचे असेल तर त्या वाहत्या स्वराच्या वर थांबावे लागते. सेगिरियासारख्या पालोमध्ये, म्हणजे गानप्रकारात, जिथे अर्धा अर्थ विरामांत असतो, तिथे या एका बदलाने सगळा तोल वेगळा होतो. मार्केसने तो तोल ज्या पद्धतीने सांभाळला आहे ते मला त्या वर्षातले सर्वांत अवघड काम वाटते.

माझा दुसरा प्रश्न असा, की 'एल माल केरेर' या स्पर्धेत धरायचा की नाही? आणि एक विनंती आहे. 'अप्रतिम', 'अंगावर काटा आला' एवढ्यावर न थांबता नेमक्या कुठल्या जागेमुळे मत बनले ते लिहावे.

बारामात्रा

धरायचा, आणि पहिला क्रमांकही त्यालाच द्यायचा. जे लोक त्याला फ्लामेन्कोबाहेर काढतात त्यांनी तो कानांनी ऐकण्याआधी डोळ्यांनी पाहिलेला असतो, अशी माझी जुनी तक्रार आहे. त्यातले व्हिडिओ, कपडे आणि मोटारसायकली क्षणभर विसरा आणि केवळ कोम्पास, म्हणजे तालाचे आवर्तन, मोजा. 'दे आकी नो सालेस' या चौथ्या प्रकरणात (अल्बममधले प्रत्येक गाणे हे एक प्रकरण आहे) मोटारसायकलच्या इंजिनाचे आवाज तालवाद्यासारखे वापरले आहेत. त्या आवाजांखाली बुलेरिया या जलद पालोचे १२ मात्रांचे आवर्तन शोधायला बसा. १२, ३, ६, ८ आणि १० या मात्रांवरचे आघात जिथे असायला हवेत तिथे ते सापडू लागतात, आणि एकदा सापडले की ते इंजिन पाल्मासच्या टाळ्यांइतकेच नैसर्गिक वाटते. दुसऱ्या प्रकरणात, म्हणजे 'के नो साल्गा ला लुना'मध्ये, ला पाकेरा दे हेरेस या कान्ताओराच्या जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा आहे. ज्या निर्मात्यांना केवळ बाजारात खपणारी चव हवी असते ते ला पाकेरापर्यंत जात नाहीत.

दुसरा मुद्दा रचनेचा. १३ व्या शतकातल्या 'फ्लामेन्का' या ऑक्सितान काव्यकथेचा आधार घेऊन एका विवाहाची गोष्ट ११ प्रकरणांत सांगायची, पहिल्या प्रकरणाला 'शकुन' आणि शेवटच्याला 'सत्ता' असे नाव द्यायचे, आणि हे सगळे जेमतेम अर्ध्या तासात बसवायचे, अशी घट्ट बांधणी फ्लामेन्कोच्या अल्बमांत फारशी दिसत नाही. आपल्याकडचे बहुतेक अल्बम म्हणजे वेगवेगळ्या पालोंची मोळी असते. एक सोलेआ, एक तांगोस, शेवटी बुलेरिया, झाला अल्बम. बार्सेलोनाच्या संगीत महाविद्यालयातल्या पदवीसाठीचा प्रकल्प म्हणून सुरू झालेले हे काम आहे, हेही ध्यानात घ्या. तिथे रोसालिआ एल चिकी दे ला लिनेआ यांच्याकडे कान्ते शिकली. एक वर्ष आधी, २०१७ मध्ये, राउल रेफ्रीच्या गिटारवर तिने 'लोस आन्खेलेस' गायला होता, आणि त्यात आवाज आणि गिटार यांखेरीज जवळपास काहीच नाही. तो ज्याने ऐकला आहे त्याला 'एल माल केरेर'मधला प्रत्येक निर्णय जाणूनबुजून घेतलेला आहे हे पटेल.

आणि 'हे फ्लामेन्को नाही' हा शेरा नवीन थोडाच आहे? १९७९ मध्ये कामारोन या कान्ताओरचा 'ला लेयेन्दा देल तिएम्पो' आला तेव्हा निर्माता रिकार्दो पाचोनला लोकांनी हेच सुनावले होते आणि त्या अल्बमची विक्री अगदीच नगण्य झाली होती. आज तो नसलेली एखादी 'सर्वोत्तम अल्बम' यादी दाखवा.

स्वरवेल्हाळ

बारामात्रा यांनी कोम्पास मोजायला सांगितला, तो मी मोजला, आणि तो तिथे आहे हे मान्य करण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. परंतु कोम्पास असणे ही कान्तेची पहिली अट आहे, शेवटची नव्हे. बुलेरियाच्या आवर्तनावर काहीही बेतता येते. प्रश्न असा आहे की त्या आवर्तनावर आवाज काय करतो. कान्ते हा मुळात दोन माणसांमधला व्यवहार आहे. कान्ताओर ओळ लांबवतो तेव्हा गिटारवादकाला थांबावे लागते, वादकाने पकड घट्ट केली की गायकाला मात्रेवर यावे लागते, आणि या ओढाताणीतूनच तो ताण जन्माला येतो ज्याच्यासाठी आपण हे संगीत ऐकतो. 'एल माल केरेर'मध्ये आवाजाचे थर एकावर एक रचलेले आहेत, काही ठिकाणी ते यंत्रातून वाकवलेले आहेत, आणि एल गिंचोच्या निर्मितीकौशल्याबद्दल मला आदरही आहे. पण तिथे गायिकेशी भांडणारे दुसरे कोणी नाही. सगळे काही तिच्या मर्जीप्रमाणे आधीच कापून बसवलेले आहे.

कामारोनचा दाखला अशा चर्चेत नेहमी येतो आणि तो नेहमी अर्धाच सांगितला जातो. 'ला लेयेन्दा'मध्ये बासरी होती, विजेवर चालणारी वाद्ये होती, लोर्काच्या कविता होत्या, हे सगळे खरे. परंतु मध्यभागी कामारोनचा गळा आणि तोमातितोची गिटार होती, आणि त्या दोघांमधला व्यवहार जसाच्या तसा होता. आजूबाजूचे घर बदलले तरी चूल तीच होती. त्या अल्बमला सुरुवातीला लोकांनी नाकारले, म्हणून आज जे जे नाकारले जाते ते ते सगळे उद्या थोर ठरेल असा नियम काढता येत नाही. विस्मृतीत गेलेले कितीतरी प्रयोगही त्या काळी नाकारलेच गेले होते.

माझी निवड मारिया तेर्रेमोतो. ती १९९९ ची, म्हणजे हा अल्बम आला तेव्हा विशीसुद्धा न गाठलेली मुलगी. आजोबा तेर्रेमोतो दे हेरेस आणि वडील फेर्नान्दो तेर्रेमोतो. त्यामुळे हेरेसच्या सान्तियागो वस्तीतला कान्ते तिला शिकावा लागला नाही, तो तिच्या कानांवर पडतच होता. एवढा मोठा वारसा अनेकदा गळ्यात धोंड होऊन बसतो. आजोबांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांचा आवाज ओळीच्या शेवटी जसा तुटत तुटत खाली येतो तशी नक्कल करण्याचा मोह नातीला झाला असता तर त्यात नवल नव्हते. ती तसे करत नाही. तिचा आवाज वर जाताना मोठा आणि उघडा आहे, आणि वरच्या स्वरावर पोहोचल्यावर ती तिथे रेंगाळते. बुलेरियामध्ये तर ती मात्रेच्या किंचित मागे राहून गाते आणि शेवटच्या क्षणी आघातावर येऊन बसते, ज्याला हेरेसकर आपल्या गावाची ओळख मानतात. २०१६ च्या सेवियाच्या बिएनाल या फ्लामेन्को महोत्सवात नवोदितांसाठीचा खिराल्दियो पुरस्कार तिला मिळाला होता, तो उगीच नाही.

'दियालोगोस'बद्दल जुनी तबकडी यांनी जे लिहिले आहे ते मला पटते, परंतु तो अल्बम मी ऐकते तेव्हा मला मैफलीत बसल्यासारखे न वाटता उत्तम व्याख्यान ऐकल्यासारखे वाटते.

तळटीप

आर्कान्खेलचे नाव प्रश्नात आले आणि पुढे सगळे विसरले, म्हणून थोडेसे. २०१८ चा लॅटिन ग्रॅमीचा सर्वोत्तम फ्लामेन्को अल्बमचा पुरस्कार 'आल एस्ते देल कान्ते'लाच मिळाला होता. 'एल माल केरेर' नोव्हेंबरमध्ये आल्यामुळे तो २०१९ च्या पुरस्कारांसाठी धरला गेला. तिथे त्याला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार मिळाला आणि समकालीन पॉप गायनाचाही मिळाला. म्हणजे त्याचा गौरव झाला तो पॉप म्हणून. पुरस्कारांवरून संगीताची जात ठरवावी असे माझे म्हणणे नाही, नाहीतर २०१४ मध्ये गिटारवादक पाको दे लुसिआच्या निधनानंतर त्याच्या 'कान्सिओन आन्दालुसा'ला वर्षातील सर्वोत्तम अल्बम ठरवले गेले, त्यावरही वाद घालावा लागेल, कारण त्यातल्या रचना कोप्लाच्या, म्हणजे लोकप्रिय स्पॅनिश गीतप्रकाराच्या, आहेत.

आर्कान्खेलच्या अल्बममध्ये बल्गेरियन स्त्रियांचे समूहगान आहे. त्यांच्या गायकीत अगदी शेजारशेजारचे दोन स्वर एकमेकांना घासून लावले जातात, आणि त्या घासण्यावर कान्तेचा ताणलेला स्वर ठेवला की दोन्हींची धार एकदम वाढते. हा रस्ता १९९० च्या दशकात एन्रीके मोरेन्ते या कान्ताओरने खुला केला होता, त्यामुळे नवलाईचे श्रेय आर्कान्खेलला देता येणार नाही. गुणवत्तेचे मात्र अवश्य द्यावे. माझ्या यादीत तो तिसरा.

गिटारवाला

इथवरची सगळी चर्चा गळ्याची झाली आणि बोटांकडे कोणी पाहिलेच नाही, हे आपल्या रसिकांच्या स्वभावाला धरूनच झाले. दानी दे मोरोनचा '२१' हा त्याच वर्षाचा अल्बम आहे आणि त्याची कल्पना मला फार आवडते. साधारणपणे एकल गिटारवादकाचा अल्बम म्हणजे त्याच्या स्वतःच्या रचनांचे प्रदर्शन असते. दानीने तसे न करता आजच्या काळातल्या वेगवेगळ्या कान्ताओरांना बोलावले आणि स्वतः साथीला बसला. अल्बमवर नाव वादकाचे, आणि काम मात्र साथीचे. साथ करणे हे गिटारवादकाचे दुय्यम काम आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एकामागून एक येणाऱ्या आवाजांबरोबर त्याचा उजवा हात कसा बदलतो ते ऐकावे. एकाशी तो अंगठ्याने कमी स्वरांत बोलतो, दुसऱ्याला रासगेआदोचे, म्हणजे सगळ्या तारांवर झपाट्याने बोटे फिरवण्याचे, पूर्ण पाठबळ देतो. स्वरवेल्हाळताई ज्या ओढाताणीबद्दल लिहितात ती ऐकायची असेल तर याहून चांगले उदाहरण त्या वर्षात नाही.

'शुद्ध' कशाला म्हणायचे यावरही दोन शब्द. आज प्रत्येक रंगमंचावर दिसणारी काखोन ही तालासाठी वाजवायची लाकडी पेटी १९७० च्या दशकात पाको दे लुसिआने पेरूमधून आणली. त्याआधीच्या पिढ्यांचे फ्लामेन्को तिच्याशिवाय झाले. आज ती काढून टाका म्हटले तर सर्वांत आधी परंपरावादीच ओरडतील.

उत्तररात्र

माझे मत बहुतेकांना आवडणार नाही, तरी लिहितो. वर्षातला सर्वांत महत्त्वाचा अल्बम नीन्यो दे एल्चेचा आहे.

त्याचे नाव नीट समजून घेतले पाहिजे. १९५४ मध्ये पेरिको एल देल लुनार या गिटारवादकाच्या देखरेखीखाली 'आन्तोलोखिआ देल कान्ते फ्लामेन्को' हा संग्रह फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाला. पेपे एल दे ला मात्रोना, राफाएल रोमेरो, पेरिकोन दे कादिस यांच्यासारख्यांकडून दुर्मीळ होत चाललेले पालो त्यात गाऊन घेतले होते, आणि पुढच्या अनेक वर्षांसाठी खरे कान्ते कोणते हे त्या संग्रहाने ठरवून टाकले. म्हणजे ज्याला आपण अनादी परंपरा समजतो त्यातला बराच भाग कुणीतरी, कधीतरी, स्टुडिओत बसून निवडलेला आहे. नीन्यो दे एल्चेने तेच नाव घेतले, त्याला 'पाखंडी' हे विशेषण जोडले आणि जे त्या निवडीच्या बाहेर राहिले त्याची उलटी निवड मांडली. कुठे आवाज नुसता श्वास होतो, कुठे घोगरा होत होत गोंगाटाशी जाऊन भिडतो, कुठे ओळीचे शब्दच विरघळतात. हे सगळे सलग ऐकणे दमवणारे आहे, यात शंका नाही. यातले काही भाग मी दुसऱ्यांदा ऐकणारही नाही. परंतु त्याच्या गळ्याची तयारी पक्की आहे, लहानपणापासून तो कान्ते गात आला आहे, आणि म्हणूनच तो जे मोडतो ते त्याला मोडता येते.

एक योगायोग असा की या अल्बमच्या निर्मितीतही तोच राउल रेफ्री आहे, ज्याने आदल्या वर्षी 'लोस आन्खेलेस' घडवला. त्या दोन वर्षांचा इतिहास लिहायचा झाला तर गायकांइतकेच त्या माणसाचे नाव घ्यावे लागेल.

स्वरवेल्हाळ

उत्तररात्र यांच्या प्रतिसादातला १९५४ चा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो मला मान्य आहे. पण त्याच मुद्द्याचा उपयोग इस्राएल फेर्नान्देसच्या बाजूनेही होऊ शकतो. 'उनिवेर्सो पास्तोरा'मध्ये तो त्या संग्रहाच्याही मागे, थेट पास्तोरा पावोनपर्यंत, म्हणजे ला नीन्या दे लोस पेइनेसपर्यंत जातो. १८९० मध्ये सेवियात जन्मलेल्या या बाईने ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर गायलेले तांगोस, पेतेनेरा आणि बाम्बेरा आजही कान्ताओरांचे पाठ्यपुस्तक आहेत. तबकडीच्या एका बाजूवर तीनच मिनिटे मावत, म्हणून ती ओळी आवळून गात असे. फेर्नान्देसला ती मर्यादा नाही, तरीही तो ओळ उगाच ताणत नाही, हा संयम मला विशेष वाटला. तोलेदो प्रांतातल्या, म्हणजे आन्दालुसियाबाहेरच्या तरुणाने हे करावे याचेही मला कौतुक आहे.

ओघाने रोसालिआवर झालेल्या दुसऱ्या आक्षेपाबद्दलही बोलायला हवे. ती कातालुन्यातली आहे, हितानो (स्पेनमधल्या रोमा) समाजातली नाही, आणि तरी आन्दालुसियाच्या उच्चारांत आणि कालो या हितानोंच्या बोलीतल्या शब्दांत गाते, यावर त्या वर्षी स्पेनमधल्या हितानो कार्यकर्त्यांनी कठोर टीका केली होती. तिच्या जन्मस्थळाचा भाग मी बाजूला ठेवते, कारण कार्मेन आमाया बार्सेलोनाची होती, दुकेन्दे साबादेलचा, मिगेल पोवेदा बादालोनात वाढलेला, आणि कातालुन्याशिवाय फ्लामेन्कोचा इतिहास लिहिताच येत नाही. परंतु ज्या समाजाच्या घरांत हे गाणे पिढ्यान्‌पिढ्या टिकले त्याच्या खुणा पोशाखासारख्या अंगावर चढवल्या जातात आणि मान भलत्याचाच होतो, ही तक्रार नुसती असूया म्हणून झटकता येणार नाही. त्याचा अल्बमच्या दर्जाशी संबंध काय, असे बारामात्रा विचारतील.

बारामात्रा

विचारणारच होतो. तक्रार खरी आहे, पण ती तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांकडे आणि पुरस्कार देणाऱ्यांकडे वळवली पाहिजे, कारण हेरेसच्या कान्ताओरांना व्यासपीठ न देण्याचा निर्णय रोसालिआने घेतलेला नाही. अल्बमपुरते बोलायचे तर 'तिच्याशी भांडणारे कोणी नाही' हा स्वरवेल्हाळताईंचा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. त्याला माझे उत्तर 'दी मी नोम्ब्रे' हे आठवे प्रकरण आहे. तिथे तांगोसच्या ठेक्यावर पाल्मास आणि मागचे समूहस्वर तिला सतत पुढे ढकलतात, आणि ती प्रत्येक वेळी अर्धी मात्रा उशिरा येऊन त्यांना अडवते. समोर गिटारवादक नाही हे खरे. पण ओढाताण आहे.

जुनी तबकडी

सर्वांचे आभार. 'दी मी नोम्ब्रे' या दृष्टीने पुन्हा ऐकला. पाल्मास आणि आवाज यांच्यातले ते अंतर तिथे आहे, पण प्रत्येक आवर्तनात ते जवळपास सारखेच राहते, आणि मारिया तेर्रेमोतोच्या बुलेरियात ते दर वेळी वेगळे पडते. तेवढ्यावरून माझ्या यादीत 'एल माल केरेर' चौथ्या जागी जातो. पहिला 'दियालोगोस', दुसरी मारिया, तिसरा दानीचा '२१', जो गिटारवाला यांनी सुचवला नसता तर मी धरला नसता. 'दियालोगोस' व्याख्यानासारखा आहे या टीकेबद्दल इतकेच म्हणतो, की त्यात मोन्तेवेर्दीची रचना जिथे येते तिथे मलाही क्षणभर तसे वाटते, कारण तिथे मार्केस आपला आवाज आवरून, जपून वापरते. सेगिरियाला ती पुन्हा आपल्या गळ्यावर येते. त्या दोन जागा एकापाठोपाठ ऐकाव्यात आणि मग स्वरवेल्हाळताईंनी आपले मत कायम आहे की नाही ते लिहावे.

स्वरवेल्हाळ

ऐकल्या. सेगिरियापुरते मत बदलते, अल्बमपुरते नाही. मारिया पहिली.